तिकीट एक जण काढतो, नाटक दुसराच बघतो: कार्यक्रमांचं ॲप बनवताना हे धरून चाला

आमच्या घरी तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या हिवाळ्यात आई, मावशी, शेजारच्या काकू आणि काकूंची वहिनी अशा चौघी नाटकाला निघाल्या, मी त्या दिवशी ऑफिसच्या कामानं पुण्यात, आणि तिकिटं माझ्या फोनमधल्या ॲपवर. आदल्या रात्रीच स्क्रीनशॉट पाठवून ठेवला होता पण गेटवर तो चालेना, क्यूआर ॲपमधूनच उघडून दाखवा म्हणाले. मग आईनं रांगेत उभ्या उभ्या ॲप उतरवलं, माझा नंबर टाकला, ओटीपी आला माझ्या फोनवर, आणि माझा फोन मीटिंगमध्ये सायलेंट. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, चौघी बाहेरच. पहिला अंक निम्मा झाल्यावर आत सोडलं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, पुढच्या वेळी कागदाचं तिकीट मिळतं का बघ गं.

मला ते फार लागलं, कारण मी इंदूरला हेच काम करते, ॲपचे स्क्रीन डिझाइन करायचं. त्यानंतर आम्ही स्वतःच गावातल्या कार्यक्रमांचं एक छोटं ॲप करायला घेतलं आणि त्यात जे जे कळत गेलं ते इथे लिहितेय, कुणी असं काही बनवत असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. तुमचा वापरणारा म्हणजे एक माणूस नाहीच. कार्यक्रम शोधणारी एक असते, पैसे भरणारा बेंगळुरूत बसलेला मुलगा असतो, खुर्चीत बसणारे आई-बाबा असतात, आणि गेटवर टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस चौथा. बहुतेक ॲपं असं धरतात की हे सगळे एकच, एकच फोन, एकच नंबर. आपल्याकडे तसं क्वचित असतं, एक जण आठ जणांची तिकिटं काढतो आणि आठही जण वेगवेगळ्या रिक्षानं येतात. तेव्हा कुठलाही स्क्रीन काढायच्या आधी कागदावर हे चौघं लिहा आणि प्रत्येक स्क्रीनला विचारा की हा नक्की कुणासाठी आहे.

माणसांना भेटणं पण आधीच करून घ्या, स्क्रीन झाल्यावर नाही. ॲपं आणि वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यावर काम करणाऱ्या जेकब नील्सननं २००० साली मांडलं होतं की पाच जणांना वापरायला देऊन बघितलं तरी बऱ्याचशा अडचणी दिसून जातात, आणि माझा अनुभव तोच आहे, फक्त ते पाच जण ऑफिसातले नकोत. भंवरकुआँला कोचिंगसाठी राहणारा एखादा मुलगा घ्या, राजेंद्रनगरातलं एखादं रिटायर झालेलं जोडपं घ्या, सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांची नावं गोळा करणाऱ्या एखाद्या काकू घ्या. रवींद्र नाट्यगृहाबाहेर प्रयोगाच्या अर्धा तास आधी नुसतं उभं राहून बघितलं तरी खूप कळतं, कोण फोन शोधतंय, कोण मुलाला फोन लावतंय, कोण चष्मा घरी विसरलंय.

काय आहे ते आधी दिसू द्या

ॲप उघडल्या उघडल्या लॉगिन मागू नका, लोकेशनची परवानगी मागू नका, नोटिफिकेशनची पण नाही. बाजारात दुकानात शिरताना कुणी नंबर विचारत नाही. शहर हातानं निवडता आलं पाहिजे, एकदा इंदूर निवडलं की विषय संपला. मोबाइल नंबर लागतो तो पैसे भरताना, तेव्हाच मागा. नोटिफिकेशनचं पण तेच, अँड्रॉइड १३ पासून ती परवानगी वेगळी मागावी लागते, तर ती तिकीट काढून झाल्यावर मागा, "प्रयोगाची वेळ बदलली तर कळवू का?" असं विचारलं की लोक आनंदानं हो म्हणतात. जन्मतारीख, ईमेल, कॉन्टॅक्ट लिस्ट यातलं काहीही तिकिटाला लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यातही तत्त्व हेच आहे की ज्या कामासाठी संमती घेतली त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची.

पहिल्या स्क्रीनवर काय? माणसं "नाट्य विभाग" असं शोधत नाहीत, ती विचारतात "या शनिवारी काही आहे का?" म्हणून वर आज, उद्या, शनिवार-रविवार. त्याखाली भाषा, कारण इंदूरमध्ये ती मोठी गोष्ट आहे, एकाच आठवड्यात मराठी नाटक, हिंदी नाटक, शास्त्रीय गाणं आणि स्टँडअप असं सगळं असू शकतं आणि घरातल्या सगळ्यांना सगळं चालत नाही. मग प्रकार, मग भाव. बास. आणि फुकट कार्यक्रम नक्की घाला. रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या मिलच्या झांक्या (चित्ररथ), यांना तिकीट नाही म्हणून ॲपमध्ये जागा नाही असं करू नका, उलट त्या दिवशी कुठला रस्ता बंद, गाडी कुठे लावायची, राजवाड्याला कुठल्या बाजूनं जायचं हे सांगितलंत तर लोक तुमच्यावर विश्वास टाकतील. ग्वाल्हेरचा डिसेंबरातला तानसेन समारोह पण विनातिकीट असतो आणि इंदूरचे कितीतरी कानसेन तिथे जातात, तर बाहेरगावचं पण थोडं असू द्या.

कार्यक्रमाच्या कार्डावर नाव, वार आणि तारीख दोन्ही, वेळ, सभागृह, भाषा, किती वेळ चालेल, आणि सगळ्यात स्वस्त तिकीट केवढ्याचं. वार लिहाच, नुसत्या तारखेवरून कुणाला पटकन कळत नाही. रात्री बाराचा शो असेल तर "शनिवार रात्री, म्हणजे रविवार लागताना" असं फोडून लिहा नाहीतर अर्धे लोक भलत्याच रात्री पोचतील. दारं कधी उघडणार आणि प्रयोग कधी सुरू हे वेगळं. पत्ता आपल्याकडे खुणेनं सांगतात, तेव्हा नकाशा असला तरी "आरएनटी मार्ग, रीगलपासून जवळ" अशी एक ओळ हवीच, ती ओळ रिक्षावाल्याला सांगायला लागते.

आयोजक एक पोस्टर पाठवून देतात आणि सगळी माहिती त्या चित्रातच असते, ही आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी होती. चित्रातलं सर्चला सापडत नाही, दृष्टिहीन माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही, आणि छोट्या स्क्रीनवर वेळ तर दिसतच नाही. म्हणून आयोजकाला सात-आठ रकान्यांचा साधा फॉर्म द्या, तो भरल्याशिवाय कार्यक्रम लावूच नका, पोस्टर नंतर.

मराठी नीट दिसली आणि नीट सापडली पाहिजे

यावर फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहिते. मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच मराठी वळण येतं. डेव्हलपरला एक ओळ लिहायची असते, आणि आपल्या बाबांना तो स्क्रीन लगेच आपला वाटतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो.

सर्चची गंमत अजून वेगळी आहे. "ॲ" हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एक युनिकोडमध्ये (कॉम्प्युटर अक्षरं ज्या यादीवरून ओळखतो तिच्यात) नंतर आलेलं स्वतंत्र अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन केलेलं. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. "दुसऱ्या" मधला अर्धा र पण असाच, कुठल्या कीबोर्डवर टाइप केलंय त्यावर आतलं कोडिंग बदलतं. शोधायच्या आधी हे सगळं एकसारखं करून घ्यायला सांगा. आणि लोक रोमनमध्ये मराठी टाइप करतात, कुणी नाटकमध्ये एक ए लावतं कुणी दोन, त्यातही सापडलं पाहिजे. "काही सापडलं नाही" असा रिकामा स्क्रीन दाखवण्यापेक्षा त्याच आठवड्यातलं जवळपासचं काहीतरी दाखवा.

भाषा बदलायचं बटण पहिल्या स्क्रीनवरच ठेवा, फोनच्या भाषेवर जाऊ नका, कारण आमच्या इथे फोन इंग्रजीत असतो, बोलणं निम्मं हिंदीत आणि वाचायला मराठी आवडतं. बटणांवर तोंडातले शब्द लिहा. "तिकीट काढा", "पुढे", "मागे". तिकीट रद्द करायच्या चौकटीत तर फार जपा, तिथे एका बटणावर "रद्द करा" आणि दुसऱ्यावर "रद्द" असलं मी खरंच बघितलंय, म्हणजे एक तिकीट रद्द करणारं आणि एक चौकट बंद करणारं. तिथे सरळ लिहा: "हो, तिकीट रद्द करा" आणि "नको, राहू दे".

अक्षर मोठं केलेल्या फोनवर तुमचे स्क्रीन उघडून बघा, वयस्क माणसांचे फोन तसेच असतात आणि नेमकं तिथेच पैसे भरायचं बटण स्क्रीनबाहेर जातं. बटण बोटाला सापडेल एवढं मोठं, अँड्रॉइडवाले ४८ डीपी सांगतात, ॲपल ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरची मापं). पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं नकोत, साध्या मजकुराला अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा.

खुर्च्या निवडणं

पूर्वी तिकीट खिडकीवर प्लॅन समोर ठेवायचे, आपण बोट ठेवायचो, आतला माणूस पेन्सिलनं फुली मारायचा. ते सोपं होतं कारण तो माणूस बोलायचा, "ताई, ही घ्या, खांब मध्ये येत नाही." ॲपमधल्या प्लॅनवर तो माणूस नसतो, तेव्हा त्याचं काम तुम्हाला करावं लागतं. दोन बोटांनी चित्र मोठं करून इवल्याशा चौकोनावर टॅप करणं साठीच्या माणसाला जमत नाही. त्यामुळे आधी विचारा: किती जण, कुठला भाव, आणि दोन खुणा, "कडेच्या हव्यात" आणि "पायऱ्या नकोत". एवढ्यावर ॲपनंच शेजारी शेजारी चार खुर्च्या सुचवायच्या, पटल्या नाही तर प्लॅन उघडायचा. रंगमंच कुठल्या बाजूला ते मोठ्या अक्षरात लिहा. गेलेल्या खुर्च्या नुसत्या लाल आणि मोकळ्या हिरव्या असं करू नका, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक असतात, गेलेल्या खुर्चीवर फुली मारा.

आता इथेच घरच्यांना विचारायचा मामला येतो. खुर्च्या निवडून झाल्या की माणूस थांबतो, ग्रुपवर विचारतो, मावशीचा रिप्लाय वीस मिनिटांनी येतो, तोवर खुर्च्या सुटलेल्या. तुम्ही मावशीची सवय बदलू शकत नाही. म्हणून विचारणं आधी होईल असं करा: कार्यक्रमाच्या पानावर मोठं "घरच्यांना पाठवा" बटण ठेवा, ती लिंक ॲप न उतरवता आणि लॉगिन न करता उघडली पाहिजे, आणि व्हॉट्सॲपवर त्या लिंकच्या चौकटीतच वार, वेळ, सभागृह, भाव दिसले पाहिजेत म्हणजे निम्मे लोक न उघडताच "हो चल" म्हणतील. खुर्च्या धरून ठेवायची वेळ, समजा दहा मिनिटं, ती खरी असू द्या आणि सर्व्हरवर मोजा, फोनवर नाही, कारण माणूस यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन येईपर्यंत जुना फोन तुमचं ॲप बंद करून टाकतो, परत आल्यावर तो जिथे होता तिथेच सापडला पाहिजे.

पैसे

पहिल्या कार्डावर ३०० आणि शेवटच्या स्क्रीनवर ३६८ असं केलंत तर माणूस गेला, आणि जाताना चिडून गेला. सगळं धरून किती ते आधीच लिहा. नाटक किंवा गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, पण तुमचं सुविधा शुल्क वेगळं, त्यावर १८ टक्के लागतो, तर हे दोन आकडे वेगळे दाखवा आणि हिशेब आपल्या सीएकडून तपासून घ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइनबद्दल नियम काढलेत, त्यात १३ प्रकार दिलेत, भाव हळूहळू उघड करणं, न विचारता देणगी किंवा विमा टाकणं, "फक्त २ खुर्च्या उरल्या" असं खोटं सांगणं हे सगळं त्यात बसतं. डिझाइन करणाऱ्यानं ही यादी एकदा तरी वाचावी. खरंच दोन उरल्या असतील तर जरूर सांगा.

सगळ्यात जास्त वेळ ज्या स्क्रीनवर घालवा तो म्हणजे पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही हा. यूपीआयमध्ये हे होतं, बँकेतून गेले, तुमच्यापर्यंत निरोप आला नाही. अशा वेळी गोल फिरणारं चक्र दाखवत बसलात तर माणूस घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतो. तिथे असं लिहा: "तुमच्या खात्यातून पैसे गेलेत असं दिसतंय. तिकीट पक्कं व्हायचं बाकी आहे. पुन्हा पैसे भरू नका. खुर्च्या तुमच्यासाठी धरून ठेवल्यात." आणि खरंच धरून ठेवा, पैसे भरायला सुरुवात झाली की खुर्च्यांची मुदत आपोआप वाढली पाहिजे. नाहीच झालं तर पुढे काय ते पण सांगा: रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट असं अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत आले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही दोन वाक्यं स्क्रीनवर असली की अर्धे फोन येत नाहीत.

तिकीट ज्याचं त्याच्या हातात

चार खुर्च्या म्हणजे चार वेगळी तिकिटं. प्रत्येकाची वेगळी लिंक, प्रत्येक लिंक नुसती पाठवली की उघडणार, ॲप नाही, ओटीपी नाही. एकदा उघडलेलं तिकीट नेट नसताना पण दिसलं पाहिजे कारण सभागृहाच्या तळघरातल्या पार्किंगपासूनच नेटवर्क गायब होतं. क्यूआरच्या खाली सहा आकडी नंबर मोठ्या अक्षरात, फक्त आकडे, म्हणजे स्क्रीन फुटलेला असला तर तोंडानं सांगता येईल. तिकीट उघडलं की उजेड आपोआप वाढू द्या.

मग लोक विचारतात, लिंक कुणीही पाठवेल तर एकाच तिकिटावर दोघं येतील? येतील, म्हणून जो आधी स्कॅन झाला तो आत, आणि लिंक चुकून भलत्याच ग्रुपवर गेली तर तिकीट काढणाऱ्याला जुनी लिंक बंद करून नवी काढता आली पाहिजे. चार-दोन भामट्यांना अडवायला चारशे आज्यांना बाहेर उभं करणं मला मान्य नाही.

गेटवरच्या माणसाचा स्क्रीन तर अगदी साधा. अख्खा हिरवा आणि एक आवाज म्हणजे आत, अख्खा लाल आणि खाली कारण: "हे तिकीट ६:१२ ला आत गेलंय" किंवा "हे उद्याचं आहे". सगळी यादी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवलेली, नेट गेलं तरी काम चालू. दोन गेट असतील आणि नेट नसेल तर एकाचं दुसऱ्याला कळणार नाही, तेव्हा रांगांप्रमाणे गेट वाटून द्या. नावावरून शोधायची सोय पण द्या, फोनची बॅटरी संपलेली माणसं रोज येतात.

इंदूरमधली एक गोष्ट बाहेरच्या डिझायनरच्या लक्षात येणार नाही. इथे मराठी नाटकाचा मोठा प्रेक्षक सुटं तिकीट काढणारा नाही, तो सभासद आहे. सानंद न्यास या इथल्या मराठी संस्थेचे सभासद समूहांमध्ये वाटलेले आहेत आणि एकाच नाटकाचे प्रयोग त्या त्या समूहांसाठी लागोपाठ होतात. अशा माणसाला "तिकीट काढा" हे बटणच नको असतं, त्याला हवं असतं की माझ्या समूहाचा प्रयोग कधी, आणि मी त्या दिवशी गावाला असेन तर माझी जागा कुणाला देता येईल का. म्हणून तुमच्या सिस्टीममध्ये सभासदत्व पहिल्या दिवसापासून धरा, नंतर जोडायला गेलात तर सगळं उकलावं लागतं. बडोद्याच्या गरब्याच्या नऊ रात्रींच्या पासचं पण तसंच, पास एक पण रोज रात्री एकदाच आत, म्हणजे "वापरलं" ही खूण पासाला नाही, त्या रात्रीला लावायची.

कार्यक्रम पुढे ढकलला, कलाकार आजारी पडला, पाऊस आला, की निरोप पैसे भरणाऱ्याला आणि तिकीट ज्याच्याकडे आहे त्याला, दोघांना गेला पाहिजे. पैसे मात्र ज्याच्या खात्यातून गेले त्याच्याच खात्यात परत. जाहिरातीच्या नोटिफिकेशन वेगळ्या ठेवा, त्या बंद केल्या तरी वेळ बदलल्याचा निरोप यायलाच हवा. आठवण एकदा सकाळी आणि एकदा निघायच्या सुमारास, त्यात तिकिटाची लिंक परत द्या, कारण तोवर ती ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या खाली गाडली गेलेली असते.

सगळं झालं की ऑफिसात बसून टेस्ट करू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, दुसऱ्या गावातून तिकिटं काढायला सांगा, ती आईच्या फोनवर पाठवा, फोनचं नेट बंद करा, बॅटरी दहा टक्क्यांवर आणा, अक्षर सगळ्यात मोठं ठेवा, आणि तिच्या हातात देऊन तिला एकटीला गेटपर्यंत जाऊ द्या. तुम्ही मागे उभे राहा, काही सांगू नका, आणि ती कुठे थांबते ते लिहून घ्या. आम्ही केलं तेव्हा आई लिंक उघडून नीट गेटपर्यंत गेली आणि तिथे थांबली, कारण क्यूआर वर होता आणि खुर्चीचा नंबर खाली सरकवल्यावर दिसत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही खुर्चीचा नंबर वर आणला.